लहान मुलांना पियानोवर कॉर्ड कसे शिकवायचे, हात न आखडता

एकेक सूर छान वाजवणारं मूल पहिल्यांदा सी कॉर्ड, म्हणजे सी-ई-जी हे तीन सूर एकदम, वाजवायला घेतं तेव्हा काय होतं ते नीट बघा. खांदे वर जातात, मनगट ताठ होतं, तर्जनी आणि अनामिका हवेत उभ्या राहतात, श्वास अडकतो, जीभसुद्धा बाहेर येते आणि एवढा सगळा खटाटोप करून तीन सूर वाजतात ते मागेपुढे, ट-ट-टप. मग शेजारी बसलेला मोठा माणूस म्हणतो, "अगं जरा जोरात दाब ना", आणि इथूनच हात आखडायची सवय लागते.

ताकद कमी पडतेय असं वाटतं, पण ताकदीचा इथे फारसा संबंधच नाही. पियानोची एक पट्टी हळू आवाजात वाजवायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं, म्हणजे तीन पट्ट्यांचे झाले दीडशे ग्रॅम, नुसत्या हाताचं वजनच त्याहून कितीतरी जास्त असतं. खरी अडचण ही की पाच बोटांपैकी तीन खाली न्यायची आणि दोन जागच्या जागी ठेवायची, तेही एकाच क्षणी, हे काम त्या हाताने आजवर कधी केलेलंच नसतं. चमचा धरताना, पेन्सिल धरताना, चेंडू पकडताना सगळी बोटं एकमेकांना मदत करत असतात, इथे ती वेगवेगळी करायची असतात. मग हात काय करतो, सगळंच आवळून टाकतो.

म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो, पट्टी दाबायला शिकवायच्या आधी ती दाबल्यावर सैल कसं व्हायचं ते शिकवायचं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

सुरू कधी करायचं

वय विचारू नका, हात बघा. मूल पाच बोटं पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवून प्रत्येक बोटाने वेगवेगळा सूर वाजवू शकतंय का, आणि वाजवताना नखाजवळचा सांधा आत मोडतोय का, एवढं बघितलं तरी पुरे. विशेषतः अंगठा, मधलं बोट आणि करंगळी. या तिघांपैकी एखादं बोट एकट्याने वाजवतानाच मोडत असेल तर तिघांना एकत्र वाजवायला लावून ते सरळ होणार नाही, उलट मोडकंच पक्कं होईल. अशा मुलाला अजून थोडे दिवस एकेका सुरावर राहू द्या, काही बिघडत नाही.

हाताच्या मापाची काळजी मात्र पालक उगाच जास्त करतात. पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते, म्हणजे सी पासून जी पर्यंतच्या पाच पट्ट्या मिळून होतात जेमतेम १२ सेंटीमीटर, आणि अंगठा नि करंगळी पट्टीच्या मध्यावर ठेवायची म्हटलं तर अंतर त्याहूनही कमी, साडेनऊच्या आसपास. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांना हे जमतं. सप्तकभर ताणायचं म्हणजे साडेसोळा सेंटीमीटर, ते मात्र इतक्यात अजिबात नको, मूल कितीही हट्ट करो.

बसायचं कसं

हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच सगळे घाईत उरकतात, पण निम्मा ताण इथून येतो. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला हवं. स्टूल खाली असेल तर मूल खांदे उचलून उंची भरून काढतं आणि आपल्याला वाटतं ते टेन्शनमध्ये आहे. पाय लोंबकळत असतील तर पोट आणि पाठ आवळून बसावं लागतं, त्यामुळे पायाखाली पाट, खोका, जाडजूड पुस्तकं काहीही द्या, पण पाय टेकलेच पाहिजेत. स्टूलच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं आणि इतकं लांब की कोपर पोटाच्या थोडं पुढे मोकळं हलेल. घरी टेबलावर कीबोर्ड असेल तर टेबल बहुतेक वेळा उंच पडतं, अशा वेळी खुर्चीवर उशी टाका आणि पायाखालचा खोका आणखी उंच करा.

पट्टीच्या आत काय होतं ते मुलाला दाखवा

हा भाग मला स्वतःला फार आवडतो आणि मुलांनाही. खरा पियानो असेल तर वरचं झाकण उघडा आणि एक पट्टी अगदी हळू दाबायला सांगा. पट्टी साधारण एक सेंटीमीटर खाली जाते, आतली हातोडी तारेकडे निघते, आणि तारेला लागायच्या किंचित आधीच ती पट्टीपासून सुटी होते. शेवटचा छोटासा प्रवास ती एकटीच करते. तारेवर आपटून मागे आली की झालं, सूर निघाला. त्यानंतर तुम्ही पट्टीवर अख्खं अंग टाकलंत तरी त्या सुरात काडीचाही फरक पडत नाही.

मुलांना हे शब्दात सांगून पटत नाही, करून बघितलं की लगेच पटतं. एक सूर वाजवायला सांगा, मग तोच सूर धरून ठेवून जोर वाढवायला सांगा आणि विचारा, "मोठा झाला का आवाज?" नाही होत. मग उलटं करा, सूर वाजला की हळूहळू जोर कमी कर, इतका कमी की पट्टी वर येणार-येणार असं वाटलं पाहिजे पण येता कामा नये. "किती कमी जोरात धरून ठेवता येतं ते शोध" असा खेळ केला की मूल दहा-दहा वेळा तेच करतं. डिजिटल पियानोवरसुद्धा हे चालतं, आत हातोडी दिसत नाही एवढंच.

हा खेळ जमला म्हणजे कॉर्डचं निम्मं काम झालं असं समजा.

पियानोपासून लांब

पहिल्या काही दिवसांत पट्ट्यांवर जायच्या आधी मिनिटभर हाताशी खेळा. मुलाला विचारून त्याचा हात मनगटाखालून धरा आणि म्हणा सगळं वजन मला दे. बरीच मुलं देतच नाहीत, आपण हात सोडला की तो हवेत तसाच तरंगत राहतो, म्हणजे अजून तेच तो उचलून धरतायत. खरंच सैल असेल तर धप्पकन मांडीवर पडतो आणि सगळे हसतात. मग पियानोच्या बंद झाकणावर, किंवा टेबलावर, पाचही बोटं ठेवून १, ३, ५ एकत्र टॅप करायचं. अंगठा एक, करंगळी पाच, हे आकडे दोन्ही हातांना सारखेच.

टॅप करताना २ आणि ४ काय करतायत ते बघा. ती वर उडतात. "खाली ठेव" असं ओरडू नका कारण मग मूल ती जोराने खाली दाबतं आणि तोही ताणच. मी म्हणते, "ती दोघं झोपलीयेत, त्यांना उठवू नकोस." अनामिका आणि करंगळीची आतली जुळणी अशी असते की एक हललं की दुसरं थोडं हलणारच, त्यामुळे ४ नंबर थोडंसं उचललं गेलं तर जाऊ द्या, छताकडे बोट दाखवत असेल तरच टोका.

आणि ते "हातात चेंडू धरल्यासारखा हात ठेव" हे वाक्य, मला ते पटत नाही. आकार छान येतो हो, पण मूल तो चेंडू खरंच घट्ट धरतं! त्यापेक्षा हात मांडीवर गुडघ्याजवळ सैल टाकायला सांगा आणि तसाच्या तसा उचलून पट्ट्यांवर ठेवायला सांगा. आकार आपोआप येतो.

आधी दोनच सूर, बराच काळ

थेट तीन सुरांवर उडी मारू नका. आधी बंद मुठीने काळ्या पट्ट्यांचे दोनाचे आणि तिनाचे गट वाजवू द्या, डावीकडे, खालच्या सुरांच्या बाजूला, गडगडाट होतो आणि मुलाला कळतं की हात वरून पडू दिला की आवाज येतो, ढकलावं लागत नाही. हे एक-दोन दिवसच, नाहीतर मग गडगडाटच चालू राहतो.

मग फक्त १ आणि ५. उजव्या हाताने सी आणि जी, मधली बोटं आपापल्या पट्ट्यांवर निवांत. या दोन सुरांवर जितका वेळ घालवाल तितका पुढे वाचतो, मी तर म्हणेन मुलाला कंटाळा येईपर्यंत नाही पण तुम्हाला येईपर्यंत थांबा. क्रम असा की बोटं आधी पट्टीला नुसती स्पर्श करतात, मग वजन जातं, सूर वाजतो, लगेच सैल व्हायचं पण पट्टी खालीच ठेवायची, आणि मग मनगट आधी उचलून हात वर. मुलांसाठी तोंडी चाल लावा, "टेक... टप्प... सैल... वर". ती "सैल" ची जागा लांबवा, सूर विरेपर्यंत थांबा. त्या थांबण्यात सगळं शिक्षण आहे.

सैल झालंय की नाही हे कसं ओळखायचं? सूर वाजल्यावर, आधी सांगून, एका बोटाने मुलाच्या मनगटाला खालून हलकंसं वर ढकला. मनगट सहज वरखाली झालं तर ठीक. जागचं हललं नाही तर अजून आवळलेलंय. थोड्या दिवसांनी मूल स्वतःच दुसऱ्या हाताने हे तपासायला लागतं, मग तुम्हाला घरच्या प्रॅक्टिसची चिंता राहत नाही.

करंगळीकडे खास लक्ष द्यावं लागतं, ती अख्खी आडवी पडते आणि हात बाहेरच्या बाजूला कलतो. करंगळी टोकावर, थोडी बाहेरच्या कडेवर उभी राहायला हवी. अंगठा नखाच्या कोपऱ्याजवळ कडेने पट्टीला लागतो, सपाट नाही आणि तळव्याखाली दुमडलेलाही नाही. करंगळी उभी राहत नसेल तर मनगट फार खाली गेलंय का ते आधी बघा, बहुतेक वेळा तेच असतं. मनगट पट्ट्यांच्या पातळीला आणलं की करंगळी आपोआप उभी होते.

सी-जी जमलं की तोच आकार उचलून डी-ए, ई-बी, एफ-सी, जी-डी असा सरकवत न्यायचा. बी पासून मात्र सुरू करू नका, बी आणि एफ मधलं अंतर अर्ध्या सुराने, म्हणजे काळ्या धरून मोजल्या तर एका पट्टीने, कमी असतं आणि ते कानाला खटकतं, मूल घाबरून विचारतं माझं काय चुकलं. प्रत्येक वेळी हात पूर्ण उचलून नव्या जागी टेकवायचा, घसरत न्यायचा नाही. तुम्ही वर एखादी साधी धून वाजवा आणि मुलाने खाली हे दोन सूर द्यायचे, एवढ्यावर सुद्धा छान गाणं उभं राहतं आणि त्याला वाटतं मी कॉर्ड वाजवतोय. वाजवतोच आहे की.

आता मधलं बोट

तिसरा सूर आत आणताना बाहेरचे दोन आधी वाजवून धरायचे आणि मग मधलं ३ नंबरचं बोट घालायचं. सी-जी... ई. पुन्हा सी-जी... ई. यात बाहेरची बोटं धरून ठेवताना सैल राहायची सवय वापरात येते. खालून वर, सी मग ई मग जी, असं रचत जाणंही चालतं पण मला आधीचं जास्त आवडतं, कारण हाताचा आकार आधी ठरतो आणि मधलं बोट नुसतं आत येतं. हळूहळू मधल्या बोटाची वाट बघणं कमी करत जायचं आणि एके दिवशी तिन्ही एकदम पडतात, कुणी मुद्दाम काही न करता.

तिन्ही एकत्र वाजत नसतील तर कोणतं बोट उशिरा येतंय ते ऐका. करंगळी असेल तर ती पट्टीपासून वर तरंगत असते. मधलं बोट असेल तर ते सगळ्यात लांब असल्यामुळे जास्त वाकलेलं किंवा एकदम सरळ ताणलेलं असतं. दोन्हीवर उपाय तोच, आधी स्पर्श मग वजन. तीन बोटांच्या टोकांना पट्टी लागलीय असं जाणवल्याशिवाय टप्प करायचंच नाही. खऱ्या पियानोवर आणखी एक गंमत करता येते, भुताचा कॉर्ड. तिन्ही पट्ट्या इतक्या हळू खाली न्यायच्या की आवाजच येऊ नये. तिघांचं वजन सारखं असेल तरच हे जमतं, एकाने जरी घाई केली की ते बोट बोलून जातं. भूत पकडलं गेलं! मुलं यात तासन् तास रमतील, तुम्हीच आवरा.

लहान मुलाला दोन सुरांनीच भागत असेल तर तसंच चालू ठेवा. तीन सुरांच्या कॉर्डातला एखादा सूर गाळणं म्हणजे फसवणूक असं काही पालकांना वाटतं, पण मोठमोठे वाजवणारेही गरजेप्रमाणे सूर गाळतात. आखडलेल्या हाताने तीन सूर वाजवण्यापेक्षा मोकळ्या हाताने दोन केव्हाही बरे.

डावा हात

बहुतेक गाण्यांत धून उजव्या हातात आणि कॉर्ड डाव्यात असतात, त्यामुळे उजव्या हाताने गोष्ट समजली की लवकर डाव्याकडे या. डाव्यात खालचा सूर करंगळीकडे असतो, म्हणजे सी ५, ई ३, जी १. मुलं इथे गोंधळतात, त्यांना आकडे पाठ करायला लावू नका, दोन्ही हात समोरासमोर धरून अंगठ्याला अंगठा लावायला सांगा, लगेच कळतं. मिडल सी, म्हणजे पियानोच्या मधोमधचा सी, त्याच्या खालच्या सी पासून वाजवा. त्याहून फार खाली गेलात तर तीन सूर जवळजवळ वाजवल्यावर नुसता घुमारा होतो, सूर वेगळे ऐकूच येत नाहीत, मग मूल चूक-बरोबर कानाने ठरवणार कसं.

डावा हात उजव्याच्या मागे असतो, दोन्हींची तुलना करू नका. आणि दोन्ही हात एकत्र आणायची घाई तर मुळीच नको. आधी डाव्यात कॉर्ड आणि तोंडाने गाणं म्हणायचं, मग उजव्यात धून आणि कॉर्ड तुम्ही द्यायचे, आणि हे दोन्ही आरामात जमलं की मगच एकत्र.

एका कॉर्डवरून दुसऱ्यावर

इथे परत सगळं आवळतं, तयारी ठेवा. सी, एफ आणि जी हे तीन कॉर्ड मूळ रूपात, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा सूर सगळ्यात खाली ठेवून वाजवायचे म्हटले तर हाताला दर वेळी उडी मारावी लागते, आणि उडी मारायची भीती बसली की मूल आधीच्या कॉर्डला चिकटून बसतं, सोडतच नाही. म्हणून जवळची रूपं द्या.

डाव्या हातात सी म्हणजे सी-ई-जी, ५-३-१. तिथून जी ऐवजी जी सेव्हन, म्हणजे जी कॉर्डात एफ जोडलेला, त्याला जायचं तर बी-एफ-जी, ५-२-१. नीट बघा, अंगठा जी वरच राहतो, करंगळी एक पट्टी बाहेर सरकून बी वर जाते आणि मधल्या बोटाऐवजी तर्जनी एफ वर येते. पूर्ण जी सेव्हन मध्ये डी पण असतो, तो आपण गाळला, कानाला काही कमी वाटत नाही. आणि एफ म्हणजे सी-एफ-ए, परत ५-२-१, इथे करंगळी सी वर राहते, तर्जनी एफ वर आणि अंगठा जी सोडून ए वर. उजव्या हातात हेच बी-एफ-जी १-४-५ ने आणि सी-एफ-ए १-३-५ ने येतं.

शिकवताना सगळी बोटं एकदम बदलू नका. आधी फक्त करंगळी आणि अंगठा, सी-जी वरून बी-जी, परत सी-जी. नुसतं बाहेरचं बोट हलतंय हे हाताला समजू द्या. मग तर्जनीचा एफ जोडा. एफ कॉर्ड सगळ्यात शेवटी द्या कारण त्यात सहा पट्ट्यांचा पसारा होतो, छोट्या हाताला तो जाणवतो, आणि करंगळी जास्त ताणली जातेय असं दिसलं तर एफ-ए एवढंच वाजवू दे.

जे बोट जागेवर राहतं त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की समान सूर धरून ठेवा, मुलं ते इतकं मनावर घेतात की ते बोट खिळा ठोकल्यासारखं दाबून ठेवतात आणि मग बाकीचा हात हलूच शकत नाही. त्याऐवजी सांगा, बोट पट्टीवर राहू दे पण पट्टी वर येऊ दे. म्हणजे जागा सापडलेली राहते आणि हातही मोकळा.

वेळेचं गणित असं ठेवा की चार मात्रांच्या तालात कॉर्ड पहिल्या मात्रेला वाजेल, दुसरीला सैल, तिसरीला नव्या जागी बोटं सरकतील आणि चौथीला नुसती टेकून वाट बघतील. म्हणजे पुढची पहिली मात्रा येईल तेव्हा हात आधीच तिथे बसलेला असतो. मोठ्याने मोजा, "टप्प, सैल, सरक, टेक". सुरुवातीला इतक्या सावकाश की मुलाला हसू यावं. वेग वाढवायचा तर "टेक" ची जागा शेवटपर्यंत शाबूत ठेवून वाढवा, ती गेली की परत आवळणं सुरू.

मेजर, मायनर आणि कान

बोटांचं बघता बघता ऐकायचं राहून जातं. सी-ई-जी वाजत असताना मधला ई एक पट्टी खाली, लगतच्या काळ्या ई फ्लॅट वर आणला की कॉर्डचा चेहरा बदलतो, मेजरचा मायनर होतो. आपल्या कानांना सांगायचं तर सा-ग-प मधला ग कोमल झाला. मुलांना तीन-चार वेळा ऐकवा आणि डोळे मिटून ओळखायला सांगा. मोजून बघायचं तर मेजरमध्ये खालच्या सुरापासून मधला चार अर्धे सूर वर आणि तिथून वरचा तीन, मायनरमध्ये आधी तीन मग चार. काळी पट्टी मधल्या बोटाखाली येते तेव्हा अख्खा हात किंचित आत, झाकणाच्या दिशेला सरकवायचा. नुसतं मधलं बोट लांबवलं तर मनगट वाकडं होतं.

मेजर कॉर्ड शिकवताना आकारावरून गट करा. सी, एफ, जी तिन्ही पट्ट्या पांढऱ्या. डी, ई, ए यांच्यात मधली काळी, बाहेरच्या पांढऱ्या. एवढे सहा आले की मूल बरीच गाणी वाजवू शकतं, बाकीचे सावकाश.

कॉर्ड मोडून वाजवणं

तीन सूर एकत्र वाजवून हात दमला की तेच सूर सुटे करा. खालचा एकटा आणि मग वरचे दोन एकत्र दोनदा, हा तीन मात्रांचा वॉल्ट्झचा ढंग मुलांना लगेच आवडतो. चार सुरांचा पॅटर्न म्हणजे खालचा, वरचा, मधला, वरचा, सी-जी-ई-जी, याला अल्बर्टी बेस म्हणतात, अठराव्या शतकातल्या डोमेनिको अल्बर्टी या इटालियन संगीतकारावरून. यात बोटं एकेक उचलायची नसतात, कोपरापासून पुढचा हात दाराची मूठ फिरवताना फिरतो तसा इकडून तिकडे डोलतो. हे जमेपर्यंत अल्बर्टी हळूच ठेवा, वेगात बोटांनी खेचून वाजवला की करंगळी लवकर दमते.

ताण ओळखायच्या खुणा

नखं पांढरी पडलीयेत म्हणजे वाजवून झाल्यावरही दाबणं चालूच आहे, हातोडीचा खेळ परत काढा. श्वास अडकलाय तर कॉर्डच्या वेळी "हाऽ" असा आवाज करत श्वास सोडायला सांगा, मुलं हसतात आणि हसताना हात आवळता येत नाही. अंगठा तळव्याखाली दुमडला जातोय तर तेवढ्यापुरतं परत दोन सुरांवर या. दुखतंय असं मूल म्हणालं तर तिथेच थांबा, "थोडं अजून" नको, आणि थांबूनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. एका वेळी कॉर्डवर दोन-तीन मिनिटं, मग दुसरं काही, मग परत दोन मिनिटं.

बोटांना बळ यावं म्हणून स्प्रिंगची खेळणी, पिळायचे चेंडू, बोटं ताणायची साधनं वगैरे आणू नका. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानला तरुणपणी उजव्या हाताच्या दुखण्यापायी मैफलीचा पियानोवादक व्हायचा नाद सोडावा लागला, आणि त्याच्या त्या दुखण्याच्या कारणांची चर्चा निघाली की बोटांसाठी वापरलेल्या यंत्राचं नाव हमखास येतं. लहान मुलाला आवळायचा व्यायाम द्यायचा आणि पियानोवर सैल हो म्हणायचं, हे काही पटत नाही.

हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर सुरुवातीला चालेल, फक्त बारीक पट्ट्यांचा मिनी कीबोर्ड नको कारण त्यावर शिकलेलं अंतर खऱ्या पियानोवर उपयोगी पडत नाही. आणि एक बोट दाबलं की पूर्ण कॉर्ड वाजतो ती ऑटो सोय प्रॅक्टिसच्या वेळी बंद ठेवा.

आधीच हात आखडलेला असेल तर

दुसरीकडे शिकून आलेलं किंवा व्हिडिओ बघून स्वतःच शिकलेलं मूल बरेच कॉर्ड वेगात वाजवतं, पण बघवत नाही अशी अवस्था असते. त्याला "तुझं चुकतंय, पहिल्यापासून सुरू कर" म्हणालात की ते येणंच बंद करेल. त्याचं आवडतं गाणं तसंच ठेवा, फक्त डाव्या हातातले तीन सूर काढून खालचा आणि वरचा असे दोन करा, गाणं ओळखू येतंच. वेग अर्धा करा आणि प्रत्येक कॉर्डनंतर हात मांडीवर पडू द्या, गाण्यात खंड पडला तरी पडू द्या. मनगट ढकलून बघायची तपासणी त्यालाच करायला सांगा, आणि गंमत म्हणून तुमच्या मनगटाची पण करू द्या. मधला सूर परत कधी घालायचा हे त्यालाच ठरवू द्या, बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत स्वतःच विचारतात, आणि घातल्यावर नखं पुन्हा पांढरी दिसली तर काही न बोलता तो सूर आणखी एक आठवडा बाहेर.